विश्लेषण : एक रस्ता, दोन मराठा व्हिक्टोरिया क्रॉस… इटलीतील पेरुजिया ते रावेन्ना सफर एका दिवसात कशी होते?

रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस. बहुतेक भारतीय पर्यटकांची इटली या तीन नावांत आटोपते. पेरुजियाहून आपेनाइन्स पर्वत ओलांडून रावेन्नाकडे जाणारा ई-४५ हा रस्ता टूर कंपन्यांच्या पत्रकात क्वचितच दिसतो. याच पट्ट्यात दुसऱ्या महायुद्धात ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन जवानांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. भाड्याच्या गाडीने, वाटेतली वळणे धरून, हे अंतर साधारण अडीचशे किलोमीटर होते. सकाळी आठला निघाल्यास संध्याकाळी रावेन्नात पोहोचता येते.

माँतोनेत काय घडले?

पेरुजियाच्या उत्तरेला, टायबर नदीच्या खोऱ्यात टेकडीवर माँतोने हे तटबंदीचे गाव आहे. १० जुलै १९४४ रोजी या परिसरात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतील इतर सर्व जण मारले गेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. हातबॉम्बने मशीनगन निकामी केली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांशी झुंजले. नंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय अवघे २२. माणगाव तालुक्यातील हा तरुण माणगावकरांना पुतळ्यामुळे परिचित आहे. माँतोनेत मात्र त्यांचे स्मारक व्हायला जुलै २०२३ उजाडले. ते सूर्यतबकडीच्या रूपात आहे. सगळे एकाच सूर्याखाली राहतात, अशा अर्थाचे ब्रीद त्याला दिले आहे.

वाचलेले चित्र

पुढे सुमारे ४० किलोमीटरवर सान्सेपोल्क्रो लागते. येथील संग्रहालयात पिएरो देल्ला फ्रांचेस्काचे ‘पुनरुत्थान’ हे भित्तिचित्र आहे. १९४४ मध्ये ब्रिटिश तोफखान्याचा अधिकारी टोनी क्लार्क गावावर मारा करत होता. हे जगातले सर्वोत्तम चित्र, असे ऑल्डस हक्सलीने एका निबंधात म्हटल्याचे त्याला आठवले आणि त्याने तोफा थांबवल्या. गावात आज त्याच्या नावाचा रस्ता आहे. अर्धा तास थांबावे, असे हे ठिकाण नक्कीच आहे.

यानंतर घाट. बोगदे आणि उंच पुलांवरून रस्ता टायबरच्या उगमाजवळून जातो. जर्मनांची ‘गॉथिक लाइन’ ही संरक्षण फळी याच डोंगररांगेत होती. ई-४५ ला टोल नाही, पण दुरुस्तीची कामे आणि बदलत्या वेगमर्यादा आहेत. वेळेचा हिशेब सैल ठेवलेला बरा.

सेनियो नदीवर काय?

चेझेना येथे सपाटी सुरू होते. जवळच्या फोर्ली शहरातील भारतीय सैन्य स्मशानभूमीत सुमारे ५०० जणांच्या कबरी आहेत. शेजारच्या स्मारकावर दहन केलेल्या साडेसातशेहून अधिक जवानांची नावे कोरलेली आहेत.

तिथून लुगोकडे गेल्यावर सेनियो नदी दिसते. पाहायला काही भव्य नाही. दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध आणि मध्ये अरुंद पाणी. पण हे बांधच लढाईचे कारण होते, कारण जर्मनांनी ते खणून त्यात मशीनगन बसवल्या होत्या. ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. मग परत जाऊन मशीनगनच्या तीन चौक्या निकामी केल्या. शेवटी बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि उरलेल्या तुकड्यांना पलीकडून बोलावले. अहमदनगर जिल्ह्यातील जाधव युद्धातून वाचले; त्यांचे निधन १९८४ मध्ये झाले.

रावेन्नात संध्याकाळी सान व्हिताले चर्च गाठता आले, तर ५४७ मध्ये अर्पण झालेल्या या वास्तूतील सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोराची मोझेइक चित्रे पाहता येतील.

गाडी चालवण्यासाठी काय लागते?

भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. तो आरटीओतून मिळतो, शुल्क एक हजार रुपये. इटलीत गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते. खरी डोकेदुखी ‘झेडटीएल’ची, म्हणजे जुन्या शहरभागातील प्रवेशबंदीची. तिथे फाटक नसते, फक्त पाटी आणि कॅमेरा. दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते आणि भाडे कंपनी वेगळे शुल्क कापते ते निराळेच. गाडी तटबंदीबाहेर लावून चालत जावे.

नातेवाइकाचे नाव शोधायचे असेल तर?

इटलीत ५० हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले, त्यातील ५,७०० हून अधिक परतले नाहीत. आजोबा-पणजोबांचे नाव फोर्लीतच असेल, हे गृहीत धरू नये. घाडगे यांचेच नाव तिथे नाही. कबर ठाऊक नसलेल्यांसाठी रोमच्या दक्षिणेला कॅसिनोत स्मारक आहे, तिथे ते आहे. म्हणजे हा प्रवास उलट दिशेचा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव आधी तपासता येते. इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून पाहावे. अनेक नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही असते, पण जिल्हा त्या काळचा. रायगडचा माणूस तिथे कुलाब्यात सापडतो.