शहाळं, नळी आणि दाढेतली गुठळी

कल्याणला अक्कलदाढ काढून कसारा लोकलनं घरी परतलेल्या खडवलीच्या एका वाचक ताई विचारतात, ‘डॉक्टर म्हणाले, शहाळ्याचं पाणी खुशाल प्या, पण नळी लावू नका. असं का?’

प्रश्न फार आवडला, कारण त्याचं उत्तर एका छोट्याशा गुठळीत दडलेलं आहे. दाढ निघाली की जबड्यात खड्डा उरतो. त्यात रक्त साचतं, फायब्रिनचे धागे जाळं विणतात आणि दह्याच्या कवडीसारखी मऊ, काळपट गुठळी बसते. तिच्याखाली हाड आणि नसा उघड्या असतात. खडवलीच्या बाजूला भाताची आवणी पाहिलेल्यांना हे चटकन उमगेल. रोप चिखलात उभं दिसतं, पण पहिले काही दिवस त्यानं मूळ धरलेलं नसतं. तेवढ्यात पाण्याचा लोंढा आला की ते उपटून जातं. गुठळीतही नव्या रक्तवाहिन्या शिरायला असाच अवधी लागतो. म्हणून पहिल्या दिवशी जोरानं चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, जिभेनं खड्डा चाचपायचा नाही.

त्याआधी भुलेचे काही तास सांभाळायचे. ओठ बधिर असताना चहा किती गरम आहे ते कळत नाही, आणि लहान मुलं तर स्वतःचा गाल चावून ठेवतात. या भुलेचा उगमही चव घेण्यातच आहे! 1930च्या दशकात स्वीडनचे होल्गर एर्ड्टमन जवातल्या एका द्रव्यावर काम करत होते. प्रयोगशाळेत बनवलेला त्याचा भाऊबंद त्यांनी चाखून पाहिला आणि जीभ बधिर झाली. त्याच वाटेनं 1943मध्ये लॉफग्रेन आणि लुंडक्विस्ट लिग्नोकेनपर्यंत पोचले. लुंडक्विस्ट यांनी तर त्याची सुई स्वतःलाच टोचून घेतली.

आता नळीकडे. शहाळ्यातलं पाणी वीतभर वर ओढायला हवेच्या दाबाच्या साधारण पन्नासाव्या भागाइतकाच फरक पुरतो. एवढ्यानं गुठळी उपटते याचा भक्कम पुरावा नाही. गुठळी जाऊन खड्डा उघडा पडतो, त्याला क्रॉफर्ड यांनी 1896मध्ये ‘ड्राय सॉकेट’ हे नाव दिलं, पण गुठळी जाते कशी, याचा नेटका उलगडा 1970च्या दशकात डेन्मार्कच्या बिर्न यांनी केला. दुखावलेल्या हाडातून सुटणारी द्रव्यं फायब्रिनचं जाळं आतूनच विरघळवतात. बिर्न यांचं नाव दातांच्या डॉक्टरांपलीकडे कुणाला माहीत नाही, याची मला खरंच हळहळ वाटते. तरीही ताई, शहाळं पेल्यात ओतून घ्या. त्यात जात काहीच नाही.

खरा धोका तंबाखूचा आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ड्राय सॉकेटचं प्रमाण सुमारे तिपटीनं वाढतं. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी मिळतं. चुना लावलेली तंबाखू आणि मिश्री तर थेट जखमेवरच जाऊन बसतात. सकाळी मिश्री लावल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही, अशा आज्या-मावश्यांना हे घरच्यांनी आधीच सांगायला हवं. ‘नळी नको’ म्हणण्यापेक्षा दहापट ठासून.

खायचं म्हणाल तर आपलं स्वयंपाकघर यात तयारच आहे. पहिल्या दिवशी गार ताक, दही, कोमट झालेली पेज. दुसऱ्या दिवसापासून गुरगुट्या भात, वरण, नाचणीची आंबील, दुसऱ्या बाजूनं चावत. तीळ, खसखस, दाण्याचा कूट, चिवडा आठवडाभर डब्यातच राहू द्या. त्यांचे कण खड्ड्यात शिरतात. चोवीस तासांनंतर जेवण झालं की मिठाचं कोमट पाणी तोंडात हलकेच फिरवून आपोआप सांडू द्यायचं.

थुंकीत पहिल्या दिवशी गुलाबी झाक दिसली तर घाबरू नका. थेंबभर रक्तही लाळेत मिसळून खूप वाटतं. तोंडभर ताजं रक्त येत राहिलं, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जा. तसंच तिसऱ्या दिवशी कमी व्हायची ती कळ वाढून कानापर्यंत गेली आणि तोंडाला घाण वास आला, तरी गोळ्यांवर दिवस काढू नका. डॉक्टर खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी ठेवतील, आणि बहुतेक वेळा तिला लवंगेचा वास येईल. आजीच्या लवंगतेलातलं युजेनॉलच ते.