खोकला आला आणि लघवी सुटली
(लेखांक ६)

गेल्या आठवड्यात ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे पसरलेले स्नायू आपण पाहिले. ही झोळी सैल पडली की काय होते, आणि ते सोनोग्राफीत कसे दिसते, ते आज पाहू.

धानाच्या बांधीत रोवणी करणारी किंवा जंगलातून मोळी आणणारी बाई ओझे उचलते, खोकते, खळखळून हसते आणि थोडी लघवी सुटते. बाळंतपणे झाली की असे व्हायचेच, असे समजून ती लुगडे बदलते आणि गप्प बसते. गडचिरोलीतल्या अशा गप्प बसण्याचा हिशेब एकदा मांडला गेला आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. आधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के.

सैल पडलेली झोळी सोनोग्राफीत पाहायला पोटातले बाळ पाहण्याचाच प्रोब, म्हणजे यंत्राचा हातात धरायचा भाग, चालतो. त्यावर आवरण चढवून, जेल लावून तो योनिमार्गाच्या बाहेर नुसता टेकवतात. आत काही घालत नाहीत, दुखतही नाही. पडद्यावर एका बाजूला जांघेच्या मधले हाड दिसते, त्यामागे मूत्रनलिका आणि तिच्या टोकाला मूत्राशय. लघवीतून ध्वनी परत फिरत नाही, म्हणून ती काळी दिसते.

मग बाईला कुंथायला सांगतात. मूत्राशयाचे तोंड त्या हाडाच्या मानाने किती खाली घसरले, हे मोजतात. बरेच तज्ज्ञ साधारण २५ मिलिमीटरच्या पुढचे घसरणे जास्त मानतात. कधी ते तोंड नरसाळ्यासारखे उघडलेलेही दिसते. लघवी करून आल्यावर आत किती उरली, तेही कळते.

पण नुसत्या चित्रावरून निदान होत नाही. तक्रार नसलेल्या बाईतही घसरण दिसू शकते. शिवाय खोकताना सुटणे वेगळे आणि घाई होऊन वाटेतच सुटणे वेगळे. तो फरक बाईच्या सांगण्यातूनच उमगतो. लघवीत जंतू आहेत का, हेही आधी पाहावे लागते.

पडद्याचा खरा उपयोग पुढे आहे. लघवी अडवल्यासारखे आत आवळा म्हटले, की मूत्राशयाचे तोंड वर उचललेले बाईला स्वतःला दिसते. कुठला स्नायू आवळायचा, ते तिथेच समजते. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा, तीन महिने, हा व्यायाम पहिला उपचार आहे. शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतर.

गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफीचे यंत्र हवे तसे गावोगाव फिरवता येत नाही. गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्ली तालुक्यांच्या आतल्या गावांत ते पोहोचेल तेव्हा पोहोचेल. ‘खोकताना लघवी सुटते का, बाई?’ हे विचारायला मात्र यंत्र लागत नाही. आशाताईंनी, परिचारिकांनी आणि घरातल्या लेकीसुनांनी एवढे नक्की विचारावे.