जीवशास्त्राचा पहिला तास पाण्याच्या टाकीपाशी

मृग लागला की आमच्या परभणी जिल्ह्यात तीन गोष्टी एकदमच सुरू होतात: पेरणीची धावपळ, शाळा आणि सरकारी दवाखान्यातली गर्दी. ताप, जुलाब, सर्पदंश, विंचूदंश यांनी वॉर्ड भरून जातो. त्याच दिवसांत नववी-दहावीच्या वर्गांत विज्ञानाची नवी पुस्तके उघडली जातात. पण वर्गात जे शिकवले जाते आणि वॉर्डात जे दिसते, त्यांची एकमेकांशी ओळख नसते.

एका पावसाळ्यात पहाटे एक वडील आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा रात्री जमिनीवर झोपला होता. मध्यरात्रीनंतर त्याच्या पोटात दुखू लागले. घरच्यांना वाटले, अजीर्ण झाले असेल. ओवा दिला, पोट शेकले. पहाटे पापण्या जड होऊन मिटू लागल्या, बोलणे अडखळू लागले, तेव्हा कुठे गाडी केली. अंगावर सूज नव्हती, दातांची खूण शोधूनही सापडेना. ही लक्षणे मण्यारीच्या दंशाची होती. प्रतिविष दिले, कृत्रिम श्वासावर ठेवले, मुलगा वाचला. नंतर वडील म्हणाले, "साहेब, मी सायन्सने बारावी केलीय. विषारी सापांची नावं आजही पाठ आहेत. पण मण्यार चावली तर सूजही येत नाही, हे आम्हाला कधी कुणी सांगितलंच नाही."

तेव्हापासून ओळखीच्या विज्ञान शिक्षकांना मी एकच विनंती करतो. शाळेचे पहिले चार आठवडे व्याख्यांना देऊ नका, पाहण्याला द्या. यात अभ्यासक्रम मागे पडत नाही, उलट पुढे सरकतो. तो कसा, ते सांगतो.

पहिला आठवडा डासाचा. शाळेच्या टाकीतून किंवा आवारातल्या जुन्या टायरमधून वळवळणाऱ्या अळ्या काचेच्या बरणीत घ्या. मच्छरदाणीच्या तुकड्याने बरणीचे तोंड घट्ट बांधा. मुलांनी रोज पाहून वहीत चित्र काढायचे आणि तारीख घालायची. अळीचा कोष कधी झाला? कोषातून डास कधी निघाला? आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, असे आरोग्य कर्मचारी का सांगतात, ते मुलांना आपल्याच वहीतून कळेल. अळी पाण्यात कशी राहते, तेही पाहायला सांगा. हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफिलीस डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते. डेंग्यूच्या एडिसची अळी डोके खाली करून तिरकी लोंबकळते, कारण तिची श्वासनलिका शेपटाकडे असते. निरीक्षण संपले की शिक्षकांनी स्वतः बरणीत उकळते पाणी ओतावे आणि बरणी घासून घ्यावी.

घासण्याचे कारणही मुलांना सांगा. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. नुसते पाणी ओतून दिले तर ती तिथेच राहतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. आपल्याकडे अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. रांजण, हौद, ड्रम भरून ठेवावेच लागतात. 'पाणी फेकून द्या' हा सल्ला म्हणूनच कुणी ऐकत नाही, आणि त्यात लोकांची चूकही नाही. पण पाणी दाट कापडातून दुसऱ्या भांड्यात गाळून घेता येते. मग ड्रमच्या कडा घासायच्या, तेच पाणी परत भरायचे आणि वर कापड बांधायचे. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडता येतात.

इथेच सिकंदराबादची गोष्ट सांगावी. आपला जिल्हा आणि सिकंदराबाद तेव्हा एकाच निजामी मुलखात होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी तिथे रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे परजीवी दिसले. त्यासाठी हुसेन खान नावाच्या रुग्णाला डास चावून घेण्याचे पैसे दिले होते. रॉसजवळ सूक्ष्मदर्शक होता आणि एकामागून एक डास फाडून पाहण्याची चिकाटी होती. या शोधाबद्दल त्याला १९०२ साली नोबेल मिळाले.

२०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान भाग दोनच्या पुस्तकात पहिलाच पाठ 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. तो रटाळ वाटतो, अशी मुलांची तक्रार असते. बरणीतला डास दाखवून विचारा, फवारणी करूनही डास का उरतात? ज्या थोड्या डासांच्या जनुकांत औषध पचवण्याची ताकद असते, ते वाचतात, त्यांचीच पिल्ले वाढतात आणि काही वर्षांत ते औषध निकामी होते. म्हणजे पहिला पाठ बरणीतच सुरू झाला.

दुसरा आठवडा नाडीचा. मनगटावर बोटे ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजायचे आणि चारने गुणायचे. मग मैदानाला एक फेरी मारून पुन्हा मोजायचे. नाडी पूर्ववत व्हायला किती मिनिटे लागली, ते फळ्यावर लिहायचे. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर पाच लिटर, तासाला तीनशे लिटर, म्हणजे पाण्याचे दीड ड्रम! हे गणित मुलांनी एकदा केले की पुढे जीवनप्रक्रियांचा पाठ जड जात नाही.

तिसरा आठवडा रक्ताचा. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी अनेक मुली कपाटात टाकून देतात. मळमळते, शौचाला काळी होते म्हणून त्या घाबरतात. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. शौचाचा काळा रंग लोहाचा असतो, तो निरुपद्रवी आहे. गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. लगेच चहा प्यायला तर लोह कमी शोषले जाते, लिंबू घेतले तर जास्त. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून फरक दिसायला काही महिने लागतात. मुलींच्या शरीरात हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात. दम लागणे, अभ्यासात लक्ष न लागणे, चक्कर येणे याला आपण 'आळस' म्हणून मोकळे होतो.

चौथा आठवडा सापांचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांची चित्रे लावा आणि वर्गीकरण इथूनच सुरू करा. नाग आणि मण्यारीचे विष नसांवर काम करते: पापण्या मिटतात, श्वास थांबतो. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. दवाखान्यात आम्ही कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतो. तेवढ्यात ते गोठले नाही, तर विष रक्तात भिनल्याचे कळते. एवढी साधी परीक्षा जीव वाचवते, हे मुलांना सांगितले पाहिजे. त्यासोबत वहीत चार ओळी लिहून घ्याव्यात. चिरा देऊ नका, घट्ट बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हात किंवा पाय मोडल्यावर ठेवतो तसा न हलवता ठेवा आणि १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. त्यात मण्यार आणि डास, दोघांपासूनही बचाव आहे.

या सगळ्याला प्रयोगशाळा लागत नाही. एक बरणी, एक घड्याळ आणि एक वही पुरते. शनिवारच्या सकाळच्या शाळेत मुलांना सांगा, आज घरी जाऊन आपला ड्रम उघडून पाहा. सोमवारी वर्गात पहिला प्रश्न एवढाच विचारा: कुणाच्या घरी अळ्या सापडल्या? पहिला हात गुरुजींनीच वर केला, तर पोरे लाजणार नाहीत.