गढूळ पाण्यात न चिघळलेली जखम

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला टाके ओले होऊ देऊ नका, असं बजावून घरी पाठवतात. मायकल झासलॉफ यांच्या प्रयोगशाळेतल्या बेडकांचं मात्र पोट शिवून झालं, की त्यांना सरळ टाकीतल्या पाण्यात सोडलं जाई. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधली, १९८०च्या दशकातली ही गोष्ट. झासलॉफना संशोधनासाठी आफ्रिकी नखवाल्या बेडकांच्या अंडपेशी हव्या होत्या. त्यासाठी पोटाला छेद द्यायचा, अंडाशय काढायचं, टाके घालायचे आणि बेडूक परत टाकीत. त्या पाण्यात जीवाणू भरपूर होते. तरी जखमा सुजत नव्हत्या, त्यांत पू होत नव्हता; त्या आपोआप भरून येत होत्या. याच जातीच्या बेडकांवर जगभर काम चालू होतं, हे अनेकांच्या डोळ्यांसमोर घडत असणार. झासलॉफ तिथे थांबले आणि त्यांनी ‘का?’ असं विचारलं. विज्ञानात याहून मोठं धाडस क्वचितच लागतं.

बेडकांच्या कातडीतून त्यांना जीवाणू मारणारी दोन पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या मिळाल्या, प्रत्येकी २३ अमिनो आम्लांच्या. १९८७मध्ये त्यांनी ती मॅगेनिन या नावाने जाहीर केली. त्याआधी १९८१मध्ये स्वीडनच्या हान्स बोमान यांनी सिक्रोपिया पतंगाच्या कोशातून असंच द्रव्य वेगळं केलं होतं, आणि १९८५मध्ये कॅलिफोर्नियात रॉबर्ट लेहरर यांच्या गटाला माणसाच्या पांढऱ्या पेशींत डिफेन्सिन नावाची पेप्टाइडं सापडली होती. आपल्या घामात, आतड्याच्या अस्तरात, डोळ्यांत अशी पेप्टाइडं अखंड पहारा देत असतात. प्रतिपिंडं तयार व्हायला दिवस लागतात. ही फौज आधीपासून जागेवर हजर असते.

त्यांची लढण्याची रीत मोठी देखणी आहे. यांतली बहुतेक पेप्टाइडं धनभारित असतात. जीवाणूच्या पटलाचा बाहेरचा थर ऋणभारित असतो, तर आपल्या पेशींचा बाहेरचा थर जवळजवळ भाररहित. त्यामुळे पेप्टाइड आपोआप जीवाणूकडे ओढलं जातं. त्याच्या एका बाजूला पाणी मानवतं, दुसरीला तेलकट पदार्थ. पटलाला चिकटताच तेलाची ओढ असलेली बाजू आत शिरते, अशी अनेक पेप्टाइडं जमली की पटलाला भोकं पडतात आणि आतला ऐवज बाहेर वाहू लागतो. पेनिसिलिनसारखं औषध एखाद्या ठरावीक विकराला अडवतं. तो विकर थोडा बदलला की जीवाणू सुटला. सगळं पटलच बदलायचं, तर जीवाणूला ते फार महागात पडतं. म्हणूनच या रेणूंवर एवढ्या आशा लागल्या.

आशा आणि औषध यांच्यात किती अंतर असतं, हे पेक्सिगॅनानने दाखवलं. मॅगेनिनमध्ये थोडे फेरफार करून बनवलेलं हे मलम मधुमेहींच्या पायांवरच्या संसर्ग झालेल्या जखमांसाठी होतं. चाचण्यांत ते ऑफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांच्या जवळपास पोचलं, पण १९९९मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने मंजुरी नाकारली. पुढे नव्याने चाचण्या झाल्या. २०१६मध्ये निकाल आला, की औषध नसलेल्या नुसत्या मलमापेक्षा ते सरस ठरत नाही. ज्या घरात मधुमेहाने पाय गमावलेलं माणूस आहे, तिथे या निकालाचं दुःख वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. पेप्टाइडं शरीरातल्या विकरांनी चटकन तुटतात, क्षारांमुळे काहींची धार कमी होते, मात्रा वाढवली तर आपल्याच पेशींना इजा होऊ शकते आणि ती बनवायलाही महाग पडतात. परीक्षानळीतल्या यशावरून ‘नवं रामबाण औषध’ असे मथळे छापणं मला म्हणूनच रुग्णांवरचा अन्याय वाटतो.

आणि एक पेप्टाइड तर आपल्या रुग्णालयांत कधीचं आहे. कोलिस्टिन. जपानमध्ये मातीतल्या जीवाणूपासून ते मिळालं, मूत्रपिंडांना अपाय करतं म्हणून मागे पडलं आणि इतर प्रतिजैविकं हरू लागली तेव्हा अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून परत आलं. त्याच वेळी ते जनावरांच्या खाद्यातही मिसळलं जात होतं, वजन लवकर वाढावं म्हणून. २०१५मध्ये चीनमधून एमसीआर-१ या जनुकाची बातमी आली. हे जनुक जीवाणूच्या पटलावरचा ऋणभारच कमी करतं. मग धनभारित कोलिस्टिनला पकड मिळत नाही. त्यातही वाईट म्हणजे ते एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातं. भारत सरकारने जुलै २०१९मध्ये कुक्कुटपालन, मत्स्यशेती आणि पशुखाद्यातल्या कोलिस्टिनवर बंदी घातली. योग्य निर्णय, पण उशिरा झालेला.

शोध थांबलेला नाही. २०१५मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या मातीतून टेक्सोबॅक्टिन हे पेप्टाइड मिळालं. २०२४मध्ये झोसुराबाल्पिन या वलयाकार पेप्टाइडाची माहिती प्रसिद्ध झाली. रुग्णालयांत थैमान घालणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टर या जीवाणूवर ते चालतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सेसार दे ला फुएन्ते यांचा गट संगणकाच्या मदतीने निअँडरथल मानवाच्या प्रथिनांतही अशी पेप्टाइडं शोधतो आहे.

आपल्या सह्याद्रीचाही यात वाटा आहे. आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५मध्ये हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा या बेडकाचं वेगळी जात म्हणून वर्णन केलं. दोनच वर्षांनी, तिरुवनंतपुरमचं राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्र आणि अमेरिकेतलं एमरी विद्यापीठ यांनी याच जातीच्या कातडीतून उरुमिन हे पेप्टाइड मिळवलं. एच१ गटाच्या फ्लूच्या विषाणूला ते नष्ट करतं आणि उंदरांना त्याने वाचवलं. माणसांसाठी औषध होण्यापासून ते अजून दूर आहे. पण बेडकांच्या जाती मोजणारं, नावं देणारं काम कुणाला निरुपयोगी वाटत असेल, तर त्यांनी या दोन वर्षांचा विचार करावा.

नवी औषधं येईपर्यंत हाती आहेत ती टिकवायला हवीत. गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ दिसली, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकत घेऊ नका आणि उरलेल्या गोळ्या दुसऱ्या कुणाला देऊ नका. कोंबड्या पाळत असाल, तर खाद्यात काय मिसळलं आहे, हे विक्रेत्याला विचारा.