चिखलफेक थांबवा!

मित्रहो, शीर्षक वाचून जिमखान्याच्या इलेक्शनवर काही मसालेदार वाचायला मिळेल असं वाटलं असेल, तर सॉरी! हा लेख खऱ्याखुऱ्या चिखलाबद्दल आहे. आणि मी पडलो कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

झालं असं. जूनच्या सुट्टीत मी गगनबावड्याजवळ काकांकडे गेलो होतो. तिथला पाऊस म्हणजे काय ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. काकांकडे एक जुनी पाट्यांची जीप आहे, शेतातून, ओढ्यातून, कुठूनही जाणारी. मागचे रबरी फ्लॅप मात्र कधीच तुटून गेलेले. एका सकाळी मी ती ४० च्या स्पीडने लाल मातीच्या रस्त्यावरून हाणत होतो. मागून एक दूधवाले मामा मोटारसायकलवर येत होते. माझ्या टायरचा चिखल थेट त्यांच्या डोळ्यांत गेला आणि ते गाडीसकट चरीत! दोन कॅन दूध सांडलं, कोपर सोलवटलं. मला आरशात काही दिसलंच नाही, कारण आरसाही चिखलाने भरलेला. काकांनी दुधाचे पैसे दिले आणि मला एवढंच म्हणाले, "इंजिनिअर ना तू? मग आता मडगार्ड लावल्याशिवाय किल्ली मागायची नाही."

आता जरा थिअरी (पळू नका!). टायरला चिकटलेला चिखल टायरबरोबर गोल फिरतो. जीपच्या टायरची त्रिज्या साधारण ३६ सेंटिमीटर. ४० किमीच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला ११ मीटरला, त्या चिखलाला गोल फिरत ठेवायला गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ ३५ पट त्वरण लागतं. एवढं धरून ठेवायची ताकद चिखलाच्या चिकटपणात कुठून येणार? तो सुटतो आणि स्पर्शरेषेच्या दिशेने उडतो. जीपमध्ये बसून बघितलं तर ४५ अंशात सुटलेलं ढेकूळ सुमारे ३ मीटर वर आणि १२ मीटर मागे जातं (हवेचा विरोध सोडून). तेवढ्याच वेगाने मागून येणाऱ्या माणसाला ते बरोबर तोंडावर बसतं. वेग निम्मा करून २० वर आणला, तर हेच आकडे पाऊण मीटर आणि ३ मीटर होतात. वेग निम्मा, मारा पावपट! फर्स्ट इयरला प्रोजेक्टाइलची गणितं पाठ करून टाकलेल्या माझ्यासारख्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

म्हणून मी ठरवलं, फ्लॅप जितका खाली तितका चांगला. ट्रकच्या दुकानातून जाड रबर आणलं आणि जमिनीपासून जेमतेम दोन इंचांवर लोंबेल असं लावलं. स्वतःवर जाम खूश! संध्याकाळी जीप अंगणात रिव्हर्स घेतली. फ्लॅप मागच्या दगडी पायरीला टेकला, दुमडून टायरखाली गेला आणि टर्रकन फाटला. पत्र्याची पट्टीसुद्धा उपटून आली. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाले मिस्त्री ते बघून हसले. "पावणं, गाडी फक्त पुढंच जाती व्हय?"

मग त्यांच्याच हाताखाली शिकलो. ते असं :

१) आधी मापं. सपाट जमिनीवर उभ्या गाडीचं माप घेऊन उपयोग नाही. एक चाक फूटभर उंच दगडावर चढवायचं, म्हणजे पाटा दबून चाक मडगार्डकडे वर सरकतं. पुढच्या चाकांचं स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून बघायचं. अशा सगळ्यात वाईट अवस्थेतही टायर आणि मडगार्डमध्ये दोन-तीन इंच जागा उरली पाहिजे, कारण टायरवर चिखलाचा थर पण बसतो.

२) खालची कड. आम्ही फ्लॅप टायरच्या मागे साधारण ९ सेंटिमीटरवर आणि जमिनीपासून १५ सेंटिमीटर उंच ठेवला. या मापाने सुमारे २१ अंशांपेक्षा सपाट उडणारा चिखलच खालून निसटतो. तो ४० च्या वेगालाही मीटरभराच्या आतच राहतो. म्हणजे पँट खराब होईल, डोळे वाचतील. दगडाधोंड्यात रिव्हर्स घ्यायच्या आधी वर उचलता यावा म्हणून फ्लॅपच्या खालच्या टोकाला साखळी आणि वर बॉडीला हूक लावला. ही मिस्त्रींची आयडिया.

३) नटबोल्ट. नुसत्या बोल्टवर टांगलेलं रबर भोकापाशी फाटतं. म्हणून रबराच्या एका बाजूला लोखंडी पट्टी, दुसऱ्या बाजूला बॉडी, आणि मोठे वॉशर. भोक कडेच्या फार जवळ पाडायचं नाही. नट नायलॉनवाले, नाहीतर खड्ड्यांच्या हादऱ्याने आठवड्यात ढिले होतात.

४) गंज. पत्र्यात ड्रिल मारलं की भोकाची कड उघडी पडते. तिथे आधी रेड ऑक्साइड मारायचं, मग बोल्ट. मडगार्डच्या आत ओला चिखल साठून राहिला तर पत्रा आतून खाल्ला जातो. म्हणून पाणी निथळायला खाली फट ठेवायची आणि घरी आल्यावर आतून पाण्याचा फवारा मारायचा.

५) शेवटी ब्रेकची नळी आणि सायलेन्सर. स्टिअरिंग वळवताना नळी कुठे घासत नाही ना, रबर गरम पाइपला टेकत नाही ना, हे वाकून, चिखलात झोपून बघायचं. इथे आळस नको.

अख्खा दिवस गेला. वर्कशॉपमध्ये जॉब वेळेवर सबमिट न करणारा मी, दुपारी जेवायलाही उठलो नाही! नंतर दूधवाले मामांना मुद्दाम मागून यायला सांगितलं. आधी ते तयारच होईनात. पण आले, आणि चेहरा कोरडा ठेवून आले. मला वाटलं, जिंकलो.

पण दोन दिवसांनी शाळेच्या वळणावर एका डबक्यातून गाडी तशीच काढली. रस्त्याच्या कडेने चाललेल्या तीन मुलींच्या पांढऱ्या युनिफॉर्मवर लाल पाण्याची चादर! एकीने दप्तर पोटाशी धरलं होतं, तरी वही भिजली. मी थांबून सॉरी म्हटलं. ती काही बोलली नाही, फक्त वही झटकत राहिली. सगळे फ्लॅप जागेवर होते, मग चुकलं कुठे?

उत्तर सोपं आहे. हे पाणी टायरला चिकटून उडालेलं नव्हतंच. टायर डबक्यात घुसला की तिथलं पाणी बाजूला ढकललं जातं आणि आडवं उडतं. फ्लॅप बिचारा टायरच्या मागे, तो बाजूचं पाणी अडवणार कसा? त्याला बाजारात पार्ट मिळत नाही. तो पार्ट आपल्या उजव्या पायाखाली असतो, ॲक्सिलरेटरच्या शेजारी.

आता किल्ली मिळते. पण शाळेचं वळण आलं की काका काही न बोलता माझ्या पायाकडे बघतात. कॉलेजच्या गेटसमोर पावसाळ्यात जे तळं साचतं, तिथून बाइक उडवत येणाऱ्या हॉस्टेलच्या मित्रांनो, मी पण आता तुमच्या पायाकडे बघणार आहे!