टेबलावरील डाग : आधी रंग ओळखा

शाहूवाडी : आंबा घाटालगतचा शाहूवाडी तालुका कोल्हापूर जिल्ह्यातील अतिपावसाचा प्रदेश आहे. पावसाळ्यात येथील हवा दमट असते आणि लाकडी टेबलावर सांडलेले पाणी लवकर सुकत नाही. त्यावर डाग दिसताच पॉलिश खरवडण्याची घाई केली जाते. ती करण्यापूर्वी डागाचा रंग पाहणे आवश्यक आहे.

पांढरट डाग बहुधा लाकडात नसून पॉलिशच्या थरात असतो. पारंपरिक फ्रेंच पॉलिश लाखेपासून बनते. लाख साधारण ७५ ते ८० अंश सेल्सिअसला वितळते. शेगडीवरून उतरवलेले पातेले याहून गरम असते. मऊ झालेल्या थरात वाफ शिरते, प्रकाश विखुरतो आणि तेथे पांढरे वर्तुळ उमटते. असा डाग एक-दोन दिवस कोरड्या हवेत ठेवल्यास फिकट होऊ शकतो. न झाल्यास हेअर ड्रायरची सौम्य ऊब दुरून, सतत हलवत द्यावी.

काळपट डाग मात्र पाणी लाकडापर्यंत पोहोचल्याची खूण होय. ओल्या लोखंडी भांड्याखाली लाकडातील टॅनिन व लोह यांच्या संयोगानेही तो पडतो. येथे घरगुती उपाय पुरत नाहीत. जाणकार सुतारालाच दाखवावे.

गरम भांड्याखाली अडणी किंवा चुंबळ ठेवावी, सांडलेले पाणी लगेच टिपावे. टेबलावर कायम प्लास्टिक अंथरू नये, कारण त्याखाली ओल कोंडते. अत्तर व सॅनिटायझरही दूर ठेवावेत. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.