बदलत्या प्रकाशात गोळीच्या वेगाचे मापन : छाया-पद्धतीच्या क्रोनोग्राफची विश्वासार्हता

प्रस्तावना

बंदुकीच्या नळीतून सुटलेल्या गोळीचा अथवा हवाई रायफलीतील छर्ऱ्याचा वेग मोजणारे उपकरण क्रोनोग्राफ या नावाने ओळखले जाते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यासारख्या उत्पादनकेंद्रांत किंवा पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत असे मापन हा नित्याचा भाग होय. नेमबाजाच्या दृष्टीनेही ते तितकेच महत्त्वाचे आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावले. या दोन्ही प्रकारांत ०.२२ ची गोळी वापरली जाते. तिचा वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर असतो. ५० मीटर अंतर कापण्यास तिला साधारण ०.१६ सेकंद लागतात व तेवढ्या काळात ती गुरुत्वामुळे सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. वेगात १ टक्का फरक पडला, तर या घसरणीत सुमारे २ टक्के, म्हणजे २.४ मिलिमीटर फरक पडतो. ५० मीटर रायफलीच्या लक्ष्यावर दोन वलयांतील अंतर ८ मिलिमीटर असल्याने दशांश गुणपद्धतीत हा फरक ०.३ गुणांचा ठरतो. (नळीच्या कंपनाचा परिणाम येथे विचारात घेतलेला नाही.) कोणत्या उत्पादन-गटाच्या गोळ्या निवडाव्यात हे ठरविताना मापनाचीच चूक १ टक्का असेल, तर त्या निवडीला अर्थ राहत नाही.

स्वस्त व प्रचलित क्रोनोग्राफ आकाशाच्या प्रकाशावर चालतात आणि त्यांच्या वाचनांतील बहुतेक गोंधळ या प्रकाशातूनच उद्भवतो. उपकरणाच्या पडद्यावर चूक दर्शविणारी खूण उमटली, तर फारसे बिघडत नाही. ती फेरी पुन्हा झाडता येते. खरी अडचण खोट्या परंतु संभाव्य वाटणाऱ्या आकड्याची असते. तो आकडा वहीत उतरतो, सरासरीत मिसळतो आणि कोणाच्याही ध्यानात येत नाही.

उपकरणाचे कार्य

उपकरणात एका सरळ रेषेत, ठरावीक अंतरावर दोन प्रकाश-संवेदक बसविलेले असतात. प्रत्येक संवेदक अरुंद फटीतून वर आकाशाकडे पाहत असतो. गोळी फटीवरून गेली की क्षणभर प्रकाश किंचित कमी होतो. पहिल्या संवेदकावरील ही छाया घड्याळ सुरू करते व दुसऱ्यावरील छाया ते थांबविते. अंतर भागिले काळ म्हणजे वेग. स्पर्धेच्या हवाई रायफलीचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने जातो. संवेदकांत ३० सेंटिमीटर अंतर असल्यास मोजावयाचा काळ १.८ मिलिसेकंदांहूनही थोडा कमी भरतो. स्फटिक-आंदोलकावर चालणाऱ्या घड्याळाला इतका काळ मोजणे मुळीच जड नाही. म्हणून दोष घड्याळात शोधण्यात अर्थ नसतो. घड्याळाला सुरू होण्याचा व थांबण्याचा आदेश नेमका केव्हा मिळाला, हा खरा प्रश्न आहे.

संवेदकाच्या विद्युत-संकेतात छायेमुळे पडणारी घट एका ठरावीक पातळीपलीकडे गेली की आदेश दिला जातो. छाया ठळक असेल, तर गोळीचे टोक फटीवर येताच ही पातळी ओलांडली जाते. छाया पुसट असेल, तर गोळीचा बराच भाग फटीवर यावा लागतो. म्हणजे एकच छर्रा ठळक व पुसट छायेत दोन-तीन मिलिमीटर मागेपुढे ‘दिसतो’. दोन्ही संवेदकांवर हा सरकाव सारखाच असेल, तर वजाबाकीत तो नाहीसा होतो. तो असमान असेल, तर मात्र ३० सेंटिमीटर अंतरावर २ मिलिमीटरचा फरक ०.६७ टक्के चूक निर्माण करतो. अंतर ६० सेंटिमीटर केल्यास हीच चूक ०.३३ टक्के आणि १२० सेंटिमीटर केल्यास ०.१७ टक्के उरते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. प्रकाश कमी आहे की जास्त, यापेक्षा तो दोन्ही संवेदकांवर सारखा आहे काय, याला अधिक महत्त्व आहे. सामान्यतः लक्ष दिले जाते ते पहिल्या बाबीकडे.

मोकळ्या मैदानावरील प्रकाश

मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील लासूर स्टेशनसारख्या गावी एखाद्या महाविद्यालयाच्या मैदानावर, गोळी अडविणारा भक्कम बांध उभारून व आवश्यक ती परवानगी घेऊन, असे मापन करावयाचे झाल्यास प्रकाशाची कोणकोणती रूपे समोर येतील, हे पाहणे उद्बोधक ठरेल. हे गाव साधारण २० अंश उत्तर अक्षवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात व पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. ही मध्यान्ह घड्याळातील बाराला होत नाही. गाव भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या सुमारे साडेसात अंश पश्चिमेस असल्याने मे महिन्यात ती साडेबाराच्या थोडी आधी होते. नेमक्या या वेळी सूर्यबिंब फटीतून थेट संवेदकावर येऊ शकते. संवेदक त्या प्रखरतेने संपृक्त होतो आणि छायेची सूक्ष्म घट त्याला जाणवेनाशी होते. सूर्य एका फटीत आला व दुसरीत आला नाही, असे घडल्यास वर सांगितलेली असमानता पूर्णत्वाने प्रकट होते.

यावर उपाय म्हणून संवेदकांच्या वर दुधी प्लॅस्टिकचे पडदे, म्हणजे विसरक, बसविले जातात. ऊन पडद्यावर पडते व संवेदकाला सर्वत्र सारखा उजळलेला पृष्ठभाग दिसतो. पातळ, एकसारख्या ढगांनी झाकलेले आकाश हा निसर्गाचाच विसरक असल्याने अशा दिवशी पडदे काढून टाकणे इष्ट असते. निरभ्र निळे आकाश मात्र दिसायला सुंदर असले तरी मापनास तितकेसे अनुकूल नसते. त्याची तेजस्विता दिशेनुसार बदलते.

सकाळी व सायंकाळी अडचण वेगळी असते. तिरपे ऊन गोळीच्या खालच्या बाजूवर पडते आणि चकाकणाऱ्या शिशावरून परावर्तित होऊन संवेदकाकडे येते. छाया जितका प्रकाश कमी करते, त्यातील काही भाग ही चकाकी भरून काढते. जमिनीवरून वर उसळणाऱ्या प्रकाशाचाही असाच परिणाम होतो. या बाबतीत गंगापूर तालुक्यातील काळी माती उपकारकच म्हणावी लागेल, कारण ती फार कमी प्रकाश परावर्तित करते. काँक्रीटचे अंगण किंवा पांढरी फरशी यांवर उपकरण मांडल्यास खाली काळे कापड अंथरावे. गोळीचे टोक काळ्या शाईने रंगविण्याचा उपाय नेमबाज करतात. तो साधा असला तरी शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष आहे.

झाडाच्या सावलीत उपकरण ठेवण्याचा मोह मे महिन्यात होणे स्वाभाविक आहे. तथापि कडुनिंबाच्या पानांतून गळणारा, वाऱ्याने हलणारा कवडसा ही संवेदकांसाठी सर्वांत वाईट परिस्थिती होय. सावली करावयाचीच असेल, तर ती दोन्ही संवेदकांवर पूर्णपणे व एकसारखी पडेल अशी ताडपत्री लावून करावी.

येथे आणखी एक गुंतागुंत लक्षात घ्यावयास हवी. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत प्रकाशाबरोबर तापमानही झपाट्याने वाढते. काडतुसातील दारू तापली की वेग खरोखरच वाढू शकतो. दुपारचे वाचन सकाळपेक्षा जास्त आले, तर ते प्रकाशामुळे की उष्णतेमुळे, हे त्या वाचनांवरून सांगता येत नाही. दोन कारणे एकाच वेळी बदलत असताना केवळ फेऱ्यांची संख्या वाढविणे व्यर्थ होय. दहा फेऱ्यांचे प्रमाण विचलन २ मीटर असेल, तर सरासरीची अनिश्चितता ०.६ मीटरपर्यंत खाली येते हे खरे. परंतु पद्धतशीर चूक शंभर फेऱ्यांनंतरही तशीच राहते.

दालनातील प्रकाश

दालनात आकाश नसते, दिवे असतात. आपल्याकडील वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने साध्या चोकवरील ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक होतो. डोळ्याला हे जाणवत नाही, संवेदकाला जाणवते. छर्रा एका संवेदकाकडून दुसऱ्याकडे जाईपर्यंत प्रकाशाचे चक्र जवळजवळ पाचव्या हिश्शाने पुढे सरकलेले असते, त्यामुळे दोन छाया दोन वेगळ्या तेजस्वितांवर पडतात. कधी छर्रा न झाडताही घड्याळ सुरू होते. स्वस्त एलईडी दिव्यांतही हाच दोष आढळतो. तंतुदीपाची तार तापलेली राहत असल्याने त्याचा चढउतार सौम्य असतो. आणि तोच दिवा मोटारीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालविल्यास चढउतार उरतच नाही. प्रत्येक संवेदकावर एकेक असा दिवा व त्याखाली विसरक ही व्यवस्था अल्प खर्चात होऊ शकते. स्वतःच्या अवरक्त दिव्यांसह येणारे क्रोनोग्राफ याच तत्त्वावर आधारलेले आहेत. डॉप्लर रडारवर चालणाऱ्या उपकरणांना प्रकाशाशी कर्तव्यच नसते. मात्र त्यांची किंमत बरीच अधिक असते.

पडताळणीच्या पद्धती

संवेदक सुटे असल्यास दहा फेऱ्यांनंतर त्यांची अदलाबदल करून पुन्हा दहा फेऱ्या झाडाव्यात. दोन सरासऱ्यांत पडलेला फरक संवेदकांच्या असमानतेची कल्पना देतो. अमेरिकेतील ओहलर यांच्या उपकरणांत तिसरा संवेदक ठेवून एकाच गोळीचा वेग दोनदा मोजण्याची सोय करण्यात आली. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर ती फेरी संशयास्पद ठरते. दोन साधे क्रोनोग्राफ एकामागे एक ठेवूनही हे साधता येते. छर्ऱ्याचा मार्ग संवेदकांच्या रेषेशी समांतर असावा, हे पथ्य सर्वत्र पाळावे लागते. ५ अंशांचा तिरकसपणा वेग ०.४ टक्के, तर १० अंशांचा १.५ टक्के कमी दाखवितो.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेस सर्वांत जवळची पडताळणी मात्र बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये मांडलेल्या प्राक्षेपिक लोलकाची आहे. २०० ग्रॅमचा, मेण भरलेला लाकडी ठोकळा १ मीटर लांबीच्या दुहेरी दोऱ्यांनी टांगावा. ०.५३ ग्रॅमचा छर्रा १७० मीटर वेगाने त्यात रुतला, तर संवेग-अक्षय्यतेनुसार ठोकळ्याला सेकंदाला ०.४५ मीटर वेग मिळतो व तो सुमारे १४.३ सेंटिमीटर आडवा सरकतो. हे सरकणे वेगाच्या प्रमाणात असल्याने १ टक्का फरक म्हणजे १.४ मिलिमीटर, मोजपट्टीवर तो वाचता येतो. लोलकाला ऊन, ढग वा ट्यूबलाइट यांचे काहीच सोयरसुतक नाही. क्रोनोग्राफवरून जाणारा छर्राच ठोकळ्यात रुतविला, तर वर उल्लेखिलेला प्रकाश की उष्णता हा प्रश्नही सुटतो : दुपारी दोन्ही साधनांनी वाढ दाखविली तर ती खरी, केवळ क्रोनोग्राफने दाखविली तर ती प्रकाशाची.

वाचनांची नोंद

वेगाबरोबर वेळ, आकाशाची स्थिती, विसरक होता की नव्हता, संवेदकांतील अंतर आणि छर्रा फटीपासून किती उंचीवरून गेला, या बाबी नोंदविल्या पाहिजेत. नळीपासूनचे अंतरही लिहावे, कारण मोजला जातो तो त्या ठिकाणचा वेग. प्रत्यक्ष मुखवेग त्याहून किंचित अधिक असतो.

अशा नोंदीला कायदेशीर बाजूही आहे. शस्त्र नियम, २०१६ मध्ये हवाई शस्त्रांच्या वर्गीकरणासाठी २० ज्यूल मुखऊर्जा ही एक मर्यादा धरलेली आहे. ०.५३ ग्रॅमच्या छर्ऱ्यासाठी ही मर्यादा सेकंदाला सुमारे २७५ मीटर वेगाशी जुळते. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने वेगातील चूक ऊर्जेत दुप्पट होते. एखाद्या रायफलीचे वाचन २७२ मीटर आले, तर ऊर्जा १९.६ ज्यूल भरते व ती मर्यादेच्या आत दिसते. मापनाची अनिश्चितता दीड टक्का असेल, तर खरा वेग २६८ ते २७६ मीटर यांमध्ये कोठेही असू शकतो. वरच्या टोकाला ऊर्जा २०.२ ज्यूल होते. एवढ्या वाचनावरून ही रायफल मर्यादेच्या आत आहे किंवा बाहेर आहे, यांपैकी कोणतेच विधान करता येत नाही.